अकरा महिन्यांचे वर्ष

सरकारचे वर्ष एप्रिलात सुरू होते, शेतकऱ्याचे मृगाच्या पावसाबरोबर आणि व्यापाऱ्याचे दिवाळीच्या पाडव्याला. परंतु नोकरीच्या निमित्ताने पुण्यात येऊन भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्या अविवाहित, कमावत्या आणि बहुधा परगावच्या माणसांचे वर्ष, ज्या तारखेला करारनाम्यावर अंगठा उमटतो त्या तारखेला सुरू होऊन बरोबर अकरा महिन्यांनी संपते. पंचांगकर्त्यांनी या वर्षाची दखल घेतलेली नसली, तरी कर्वेनगरपासून वाकडपर्यंत असंख्य मुलामुलींचा सारा संसार त्याच्याच मानाने चालतो.

त्याचा पहिला परिणाम खरेदीवर होतो. दुकानात एखादे सुबक लाकडी कपाट पाहून मन मोहते न मोहते तोच, ते तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला किती माणसे लागतील आणि ‘छोट्या हत्ती’त ते आडवे मावेल की उभे, हा विचार पुढे येतो, आणि टिकाऊपणा, उपयुक्तता, सौंदर्य हे सर्व निकष मागे पडून, हलवायला सोपे काय एवढ्यावरच निकाल लागतो. म्हणून माझ्या खोलीत कपड्यांना घडीचे कापडी कपाट आहे, पलंगाच्या जागी नुसती गादी आहे, आणि माळ्यावर मिक्सर, कुकर व इंडक्शन शेगडी यांची रिकामी खोकी थर्माकोलसकट जपून ठेवलेली आहेत. आई सांगलीहून आली की ‘ही अडगळ कशाला साठवलीस?’ असे हटकून विचारते. लग्न होऊन ज्या घरात आली त्याच घरात तिचे सगळे आयुष्य गेले असल्यामुळे, रिकामे खोके बिनदिक्कत रद्दीवाल्याला देऊन टाकता येणे हेही एक प्रकारचे ऐश्वर्य आहे, हे तिच्या कधी ध्यानातच आलेले नाही. गॅलरीत कढीपत्ता लावावा असे फार मनात होते. पण कढीपत्त्याला हाताशी यायला अवधी लागतो, म्हणून पुदिना लावला.

नववा महिना लागला की स्वभावातही फरक पडतो. गिझर बिघडला तर मालकांना कळवावे की स्वतःच दुरुस्त करून घ्यावा, असा प्रश्न पडतो, कारण तक्रारखोर म्हणून नाव झाले तर मुदतवाढीत विघ्न यायचे. मालकांचा साधा ‘कशी आहेस?’ असा फोन आला तरी त्यामागे ‘आमचा मुलगा परत येतोय’ हे वाक्य दबा धरून बसले आहे की काय, अशी शंका येते. शेजारणीशी वाटी-वाटी आमटीची देवघेव सुरू होऊन कुठे ओळख रुजते आहे, तोच मनुष्य स्वतःला आवरते घेऊ लागतो.

मुदत वाढली नाही तर पुन्हा शोधाशोध. गाव कोणते, पगार किती, रात्री परतायला किती वाजतात, येणाराजाणारा भाऊ सख्खा की मानलेला, मांसाहार करता काय, असे जबाब नोंदविले जातात. आणि आडनाव विचारताना आवाज कितीही सहज ठेवलेला असला, तरी उत्तर ऐकून चेहऱ्यावर जे उमटते ते लपत नाही. माझ्या कचेरीतील एका मुसलमान मैत्रिणीला नाव सांगताक्षणीच ‘अहो, जागा कालच दिली’ असे उत्तर मिळाले, आणि तीच जागा त्याच संध्याकाळी मला दाखविण्यात आली. मी ती घेतली नाही. पण तेवढ्याने तिच्या डोक्यावर छप्पर आले असे नाही.

जागा ठरली की कराराची नोंदणी. पूर्वी यासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन साक्षीदारांसह दिवसभर तिष्ठत बसावे लागे. आता एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचे ठसे घेणारे डबीएवढे यंत्र घेऊन घरीच अवतरतो, आणि ‘सदरहू मिळकत’, ‘मजकूर’, ‘अनामत रक्कम’ यांच्या जंजाळातून पंखे ३, ट्यूब ४, गिझर १ अशी मोजदाद करीत करीत शेवटी भिंतीला खिळा ठोकणार नाही या शपथेपर्यंत आपल्याला आणून पोहोचवितो. यंदा माझा ठसा पहिल्याच खेपेला उमटला. परंतु आमचे मालक, ज्यांना मी काका म्हणते आणि ज्यांची उभी हयात कारखान्यात लेथवर गेली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजलेल्या होत्या की यंत्र काही केल्या त्यांना ओळखीना. ‘काका, अंगठा जरा केसांवरून फिरवा, म्हणजे तेलकट होईल,’ असे एजंट म्हणाला. काकांच्या डोक्यावर केस नाहीत. त्यांनी निमूटपणे अंगठा मिशीवरून फिरविला आणि पुन्हा काचेवर दाबून धरला. स्वतःच्या घामाने बांधलेल्या घराचा मालक आपणच आहोत, हे त्या डबीला पटवून देता देता त्यांचा चेहरा ओशाळल्यासारखा झाला होता. आणि आम्हा दोघांत आजवर मी जे अंतर मानीत आले होते, ते त्या अर्ध्या तासात बरेच कमी झाले.

भाडेकरू एकदा आत आला की घर सोडणारच नाही, ही काकांच्या पिढीची भीती निराधार आहे असे मात्र म्हणवत नाही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरू निर्धास्त झाला, पण तुटपुंज्या भाड्यात डागडुजीही न परवडल्याने मालकाने घराकडे पाठ फिरविली, आणि मुंबईच्या चाळी व पुण्याच्या पेठांतले वाडे दोघांच्या डोळ्यांदेखत खचत गेले. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी ‘लिव्ह अँड लायसन्स’ची, म्हणजे घरावर हक्क न देता केवळ राहण्याची परवानगी देण्याची वाट काढली, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू करारावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. असे पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे, यात नवल नाही.

पण अकराच महिने का? याचे मूळ १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे त्या कायद्याने सक्तीचे केले, तेव्हा नोंदणीचा खर्च आणि खेटे चुकविण्यासाठी एक महिना छाटण्याची युक्ती निघाली. मौज अशी की, महाराष्ट्रात ही युक्ती केव्हाच निरर्थक झालेली आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकावर आहे. त्याच कायद्याचे कलम २४ असे सांगते की, मुदत संपूनही जो जागा सोडणार नाही त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागेल. म्हणजे मालकाला हवे ते संरक्षण लाभले, नोंदणीही टळत नाही, आणि तरीही अकराचा आकडा मात्र, ज्याचे कारण कुणालाही आठवत नाही अशा कुळाचाराप्रमाणे, पाळला जातो आहे. एजंटला विचारले तर तो म्हणतो, ‘मॅडम, तसाच फॉरमॅट असतो.’

या फॉरमॅटचा लाभ नक्की कोणाला होतो, याचा विचार करून पाहावा. मालकाची जागा दर खेपेला महिना-दीड महिना रिकामी पडते, रंगसफेदी करावी लागते, नवा माणूस पारखावा लागतो आणि पोलिसांकडे त्याची माहिती पुन्हा द्यावी लागते. भाडेकरूच्या अनामतीतून ‘भिंती खराब झाल्या’ म्हणून काही रक्कम कापली जाते आणि टेम्पोचा खर्च पदरी पडतो. दर अकरा महिन्यांनी जो हसतमुखाने दारात उभा असतो तो एकटा एजंटच, कारण एक महिन्याच्या भाड्याएवढी त्याची दलाली दर नव्या जोडीमागे ठरलेली.

तेव्हा ज्यांच्यापाशी देण्याजोगी एखादी खोली आहे अशा वाचक काका-काकूंना माझी विनंती आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारास मुद्रांक शुल्काचा दर पाव टक्काच आहे; महापालिका हद्दीत नोंदणीची फी दस्तामागे एक हजार रुपये, म्हणजे तीन दस्तांऐवजी एक केलात तर दोन हजार वाचतात. भाडे दर वर्षी किती वाढेल तेही त्यातच लिहून ठेवता येते, आणि एक महिन्याच्या सूचनेने करार संपविण्याची अटही घालता येते. पुढच्या वेळी एजंट तयार मसुदा पुढे करील, तेव्हा मुदतीच्या रकान्यातला अकराचा आकडा त्याच्याकडून खोडून घ्या आणि तेथे छत्तीस लिहायला सांगा.