अभ्यासाच्या खोलीस रंग कोणता?

गेल्या दिवाळीपूर्वीं मुलांच्या अभ्यासाच्या खोलीस कोणता रंग द्यावा यावरून आमच्या घरीं चार दिवस वाद चालला. चिरंजीवांस गडद निळा हवा होता, आमच्या मातोश्रींस पांढरा चुना. वाद घरगुती खरा. परंतु त्यांत मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, म्हणून पालकांपुढें मांडतों.

आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील जुनीं घरें दगडमातीचीं, जाड भिंतींचीं व माळवदाचीं. खिडक्या लहान, कांहीं खोल्यांस तर माळवदांतील झरोक्याखेरीज उजेडाची वाटच नाहीं. तेथें भिंतींनीं प्रकाश परत फेकला तरच तो कोपऱ्यापर्यंत पोंचतो. ताज्या चुन्याची भिंत सुमारें चार पंचमांश प्रकाश परत देते. गडद निळी जेमतेम एक दशमांश. दिवा तोच, तेलवीज तीच, पण निळ्या खोलींत मुलाचे डोळे लवकर शिणतात.

निळी खोली उन्हाळ्यांत थंड असते, असें चिरंजीवांचें म्हणणें. हा डोळ्यांचा भास होय. खोली तापते ती बाहेरून व वरून. उष्मा कमी करावयाचा तर माळवदावर चुना द्यावा. शिवाय मातीच्या भिंतीवर तेलाचा रंग दिल्यास आंतील ओल कोंडते व पापुद्रे सुटतात. कळीचा चुना विरवून दिला तर भिंतीचा श्वास कोंडत नाहीं.

चुन्याचे दोषही सांगितले पाहिजेत. तो कपड्यांस लागतो, डोक्याच्या तेलाचे डाग लपवीत नाहीं, आणि दरवर्षीं नवा हात मागतो. (हा हात देण्याचें काम वाद घालणारांवर कधींच येत नाहीं, ही गोष्ट वेगळी!)

तथापि सर्वत्र एकच नियम लावणें योग्य नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीचीं असंख्य घरें कोसळलीं; त्यानंतर सास्तूरसारख्या गांवीं बारीक भिंतींचीं नवीं घरें उभीं राहिलीं. ज्या खोलीस दोन मोठ्या खिडक्या आहेत तेथें एखादी निळी भिंत खुशाल असावी.

आमची खोली मात्र जुनी. मातोश्रींनीं चुन्यांत चिमूटभर नीळ घातली, कारण निळेपणानें चुन्याचा पिवळसरपणा झांकतो व तो अधिक शुभ्र दिसतो. "घातली ना तुझी नीळ?" असें त्यांनीं नातवास विचारलें. तो हंसला नाहीं. पण आतां दिवा न लावतां सायंकाळीं बराच वेळ वाचीत बसतो.