कंस, डिलीट आणि सातबारा

आपल्या आयटीवाल्यांच्या जमातीत एक वाक्य फार लाडकं आहे. "तो डेटा अर्काइव्हमध्ये गेलाय, आउट ऑफ स्कोप." एवढं बोललं की तिकीट क्लोज, चहा प्यायला आपण मोकळे. ऑफिसच्या रजेच्या अर्जांबाबत हे खपून जातं. पण मंडळी, जमिनीच्या कागदाबाबत हेच वाक्य बोललं तर एखाद्याच्या पायाखालची जमीन सरकते, अगदी शब्दशः. म्हणून आज जरा भांडायचं आहे.

उदाहरण बांद्याकडचंच घेऊ. मुंबई-गोवा हायवेवर गोव्यात शिरायच्या आधीचं हे शेवटचं मोठं गाव. बांदा जागचं हललं नाही, तेरेखोल नदीही तिथेच आहे. पत्ता मात्र बदलत गेला. १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थान, मग रत्नागिरी जिल्हा, १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग. १९९९ मध्ये दोडामार्ग तालुका वेगळा झाला आणि सावंतवाडी तालुक्यातली कित्येक गावं तिकडे गेली. आता एखाद्या हुशार डेव्हलपरने शोध लिहिला: जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका दोडामार्ग, वर्ष १९५७. जुन्या नोंदीवर जिल्हा आहे रत्नागिरी, तालुका सावंतवाडी. उत्तर? शून्य ओळी. एरर नाही, परफॉर्मन्स झकास, आणि स्क्रीनवर 'माहिती उपलब्ध नाही'.

१९५७ मुद्दाम घेतलं. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणाऱ्या कुळाने, कायद्यातल्या अटींना धरून, ती खरेदी केल्याचं मानलं गेलं. कोकणात कितीतरी घरांचा हक्क त्या काळच्या एका फेरफारावर उभा आहे. गणपतीला चार दिवसांची रजा काढून आलेला चाकरमानी "जुना कायच गावणा नाय" एवढंच ऐकून परत फिरतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्याकडे पुरावाच नाही. पुरावा असतो हो, क्वेरी चुकलेली असते!

गंमत म्हणजे वर्कफ्लो ऑटोमेशन म्हणून आपण जे सुटाबुटात विकतो, ते महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५० मध्ये आधीच आहे. वर्दी आली की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद घेणार, संबंधितांना नोटीस जाणार, हरकतींसाठी थांबणार, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार, मग ती सातबारावर चढणार. ई-फेरफारने हीच साखळी कॉम्प्युटरवर आणली.

आणि त्या हाताने लिहिलेल्या सातबाराची एक गोष्ट तर मला भारी वाटते. खातेदार वारला की तलाठी त्याचं नाव खोडून नाहीसं करत नसे. नावाला कंस करायचा. नाव वाचता येतं, पण आता लागू नाही. शिवाय उताऱ्यावर जुन्या फेरफारांचे क्रमांक, म्हणजे मागे कुठे शोधायचं त्याचा पत्ता. आपण याला सॉफ्ट डिलीट आणि फॉरेन की म्हणतो आणि त्यावर प्रेझेंटेशन करतो :)

मग चुकतं कुठे? चूक नेहमी त्याच तीन-चार ठिकाणी असते. जुन्या नोंदींना स्टेटसचा कॉलम नव्हताच, म्हणून मायग्रेशनमध्ये तिथे नल बसतो. 'स्टेटस क्लोज्ड नसलेल्या नोंदी दे' म्हटलं की नलवाल्या गपचूप गळतात, कारण नलशी तुलनेचं उत्तर ना हो, ना नाही. आजच्या खातेदारांच्या टेबलला इनर जॉइन लावला की मयत खातेदार उडाले. आणि वारस नोंदीत शोधायचे असतात ते नेमके तेच! तिसरं, 'कुऱ्हाडे'मधला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो, अख्खं अक्षर म्हणून किंवा र अधिक नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण नॉर्मलाइज न करता जुळवले तर एकमेकांना परके.

"अरे पण लाइव्ह टेबल हलकं नको का?" हवं ना! अर्काइव्ह कराच. माझं भांडण अर्काइव्हशी नाही, 'उपलब्ध नाही' या शब्दांशी आहे. 'मी १९९९ नंतरच्या नोंदींत शोधलं, मागचं पाहिलेलं नाही' असं म्हणणं वेगळं आणि 'नाही' म्हणणं वेगळं. पहिली माहिती आहे, दुसरी थाप.

"स्कॅन आहेत की ऑनलाइन" हे दुसरं उत्तर. अनेक जिल्ह्यांतले जुने सातबारे, फेरफार राज्याने स्कॅन करून ठेवले, हे उत्तमच झालं. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्याच्या इंडेक्सला गावाचं नाव चुकीचं चिकटलं तर फोटो असून नसल्यासारखा.

आणि आता खरा मुद्दा. त्याच कायद्याचं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा नवी कायदेशीर नोंद होईपर्यंत, खरी मानायची. म्हणजे डेटाबेसमधली ओळ आधी खरी, माणूस नंतर. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ आहे, पण दुरुस्ती मागायची तर जुना कागद हवा. जुना कागद कुठे? जिथे आपली क्वेरी जातच नाही तिथे! उलट सिद्ध करायचं ओझं नागरिकावर, आणि ते करायचं साधन आपण 'आउट ऑफ स्कोप' ठरवलेलं.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. गावाच्या प्रत्येक नाव-तालुका-जिल्ह्याला 'पासून' आणि 'पर्यंत' तारखा द्या. शून्य ओळी आल्या तर कुठल्या वर्षांत शोधलं ते छापा. टेस्टिंगला आजचे सातबारे घेऊ नका, पन्नाससालचे कंसवाले घ्या. आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचन झालं, गावासमोर सातबारा वाचून चुका विचारल्या गेल्या, त्याहून चांगलं युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग मी तरी पाहिलेलं नाही. आपल्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये तशी एक ओळ का नसते?

असो. सोमवारी कुणी स्टँडअपमध्ये "जुना डेटा आहे, सोडून दे" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: कुणासाठी जुना?