फिर्यादीला हुडकत या!

फिर्याद नोंदवून घेतली की आपले काम संपले, असे ज्या सरकारला वाटते त्याने कायदा-सुव्यवस्थेच्या गप्पा मारू नयेत. गुन्हेगाराला फासावर लटकवू, खटला जलदगती न्यायालयात चालवू, नामांकित सरकारी वकील देऊ, ही वाक्ये प्रत्येक भयंकर घटनेनंतर आमच्या कानावर आदळतात. मंत्री येतात, घरच्यांचे हात हातात घेतात, कॅमेरे लखलखतात, ताफा धुरळा उडवत निघून जातो. मागे उरते ते घर. त्या घरातल्या पोरीची शाळा सुटलेली असते, किंवा कर्ता माणूस गेलेला असतो, सोसायटीचे कर्ज आणि दवाखान्याची उधारी एकाच वहीत लिहिलेली असते. या घराला कायद्याने काय देऊ केले आहे, हे सांगायला मात्र त्या ताफ्यातला एकही शहाणा मागे थांबत नाही!

कायदे नाहीत, योजना नाहीत, असे असते तर आम्ही एक वेळ गप्प बसलो असतो. सगळे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांच्या भरपाईचे कलम 357-अ 31 डिसेंबर 2009 पासून लागू झाले. प्रत्येक राज्याने योजना करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने आपली योजना काढली 2014 साली. चार वर्षे कशात गेली, हे मंत्रालयालाच ठाऊक. त्याआधी, 2013 च्या ऑक्टोबरात, बलात्कार, बालकांवरील अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यांतील पीडितांसाठी 'मनोधैर्य' आली, आणि 2017 साली तिची कमाल मदत दहा लाखांपर्यंत नेण्यात आली. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तिच्या 396 व्या कलमात जुने 357-अ तसेच उतरले. आरोपी सापडला नाही, ओळखला गेला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना अर्ज करता येतो. विधी सेवा प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची आहे. 397 वे कलम सांगते की बलात्कार, ॲसिड हल्ला आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांतील पीडितांवर दवाखाना सरकारी असो वा खासगी, तत्काळ आणि फुकट उपचार झालेच पाहिजेत. नाकारले तर संबंधितांना वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

गडहिंग्लज तालुक्यातल्या किती घरांना हे माहीत आहे? किती खासगी दवाखान्यांत, पैसे भरण्याच्या खिडकीशेजारी, हे कलम चिकटवलेले आहे?

आता या मदतीची वाट बघा. नेसरीच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतली बाई धरा. सकाळची एसटी पकडून ती गडहिंग्लजला येते. हातात किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घालून घालून कडा फाटलेली एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक. इथे तिला कळते की हे काम कोल्हापूरच्या विधी सेवा प्राधिकरणाचे. सत्तरेक किलोमीटर पुढे. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरायचे आणि विचारत विचारत कसबा बावड्याला न्यायसंकुलात जायचे. तिथे एक कागद कमी निघाला की पुन्हा गडहिंग्लज. वैद्यकीय अहवाल हवा असेल तर दवाखान्यात, दवाखान्यात डॉक्टर रजेवर असतील तर परवा. चंदगडच्या टोकाकडून येणाऱ्या बाईला तर एका खेपेत दिवस जातो आणि दिवसाची मजुरीही जाते. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आपण हसून म्हणतो. अंगावर घाव घेऊन आलेल्या माणसाला ती ऐकवणे हा दुसरा गुन्हा आहे, आणि त्याची फिर्याद कुठल्याच ठाण्यात घेत नाहीत.

आमचा संताप या खेट्यांवर आहेच. पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. हे खेटे कायद्यानेच अनावश्यक ठरवले आहेत! सर्वोच्च न्यायालयासमोरच्या निपुण सक्सेना प्रकरणातून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची महिला पीडितांसाठीची भरपाई योजना 2018 साली तयार झाली. बलात्काराच्या गुन्ह्यात चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारात पाच ते दहा लाख, असे तिचे कोष्टक आहे. त्या कोष्टकाची बातमी सगळ्यांनी छापली. तिच्यातल्या एका नियमाकडे मात्र कुणी ढुंकून पाहिले नाही. योजनेत येणारा गुन्हा नोंदवला की ठाण्याच्या अधिकाऱ्याने एफआयआरची प्रत ताबडतोब विधी सेवा प्राधिकरणाला पाठवायची आहे. सक्तीने. कशासाठी? प्राधिकरणाने आपणहून प्राथमिक पडताळणी करून अंतरिम मदत सुरू करावी म्हणून. पीडितेने अर्ज करण्याची वाट न बघता! म्हणजे नियमाने सरकारने बाईला हुडकत तिच्या दारी जायचे आहे. व्यवहारात बाई पिशवी घेऊन सरकारला हुडकत फिरते.

म्हणून आम्ही जाहीरपणे विचारतो. 2018 पासून गडहिंग्लज, नेसरी, आजरा आणि चंदगड या ठाण्यांतून अशा किती प्रती कोल्हापूरला गेल्या? त्यांपैकी किती प्रकरणांत प्राधिकरणाने आपणहून पाऊल उचलले? अंतरिम मदत हाती पडायला सरासरी किती दिवस लागले? पीडितेचे नाव-गाव नको, ते कायद्यानेच छापता येत नाही आणि छापूही नये. नुसते आकडे द्या. आकडे चांगले असतील तर पहिल्या पानावर छापू, आणि या अग्रलेखातला शब्द न् शब्द गिळू. पण शासनाने ते आजवर आपण होऊन कधी गावासमोर ठेवले नाहीत, आणि चांगले आकडे झाकून ठेवणारे सरकार आम्ही अजून पाहिलेले नाही.

कुणी म्हणेल, पोलिसांवर बंदोबस्ताचा ताण आहे, माणसे कमी आहेत. खरे आहे. यात्रा, निवडणूक, मंत्र्यांचे दौरे, सगळे त्यांच्याच खांद्यावर. पण ज्या ठाण्यातून मोबाइलवर मिनिटात फोटो वरिष्ठांना जातो, त्या ठाण्यातून एफआयआरची पीडीएफ कसबा बावड्याला जायला काय अडते? ताण दाखवून कायदा मोडायची सवलत फक्त सरकारी माणसालाच का?

आता आरोपीकडे वळू. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. घटनेने दिलेला तो हक्क आहे आणि त्याच्याविरुद्ध आम्ही एक अक्षरही लिहिणार नाही. आरोपीच्या बचावासाठी विधी सेवा प्राधिकरणांनी 2022 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ 'लोक अभिरक्षक' नेमायला सुरुवात केली, हेही चांगलेच झाले. पण फिर्यादीसाठी असा पगारी, पूर्णवेळ, ठरलेल्या टेबलाशी बसणारा माणूस कुठे आहे? सरकारी वकील राज्याचा, फिर्यादीचा नव्हे. पुष्कळदा साक्षीच्या दिवशी दोघांची पहिली भेट होते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमानुसार कुठल्याही स्त्रीला, बालकाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीही त्याच कायद्यात आहे. गडहिंग्लजला तर जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, म्हणजे मोठे खटलेही इथेच चालतात. मग मदतीचे टेबल तेवढे कोल्हापुरात का? न्यायालय गडहिंग्लजला येऊ शकते, तर अर्ज घेणारा कारकून येऊ शकत नाही?

आणि सीमा! आमच्या तालुक्यातल्या पोरी संकेश्वरला, हुक्केरीला दिल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत. सोयरीक सीमा बघत नाही. ठाणे अंमलदार मात्र बघतो. सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा. "तिकडं कर्नाटकात झालंय न्हवं, मग तिकडंच जावा." ज्या गावातून ती जीव मुठीत धरून पळाली, तिथेच तिला परत पाठवायचे! 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट सांगितले की छळ सोसून स्त्रीने जिथे आसरा घेतला, तिथेही तिला गुन्हा नोंदवता येतो. नव्या संहितेच्या 173 व्या कलमाने तर हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याचीही माहिती घेणे बंधनकारक केले. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंदीची प्रत फुकट द्यायची, आणि नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते कळवायचे, हेही त्याच संहितेत आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला किमान सहा महिने सक्तमजुरीची तरतूद आहे. तेव्हा "तिकडं जावा" म्हणणाऱ्याने जपून बोलावे.

ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या पीडितांसाठी तर समितीच उपविभागाच्या पातळीवर आहे. प्रांताधिकारी तिचे अध्यक्ष, आणि तीन महिन्यांतून एक बैठक हा नियम. गडहिंग्लज उपविभागात शेवटची बैठक कधी झाली, किती पीडितांच्या मदतीचे हप्ते अडकले आहेत, हे प्रांत कार्यालयाच्या दारावर लावायला कुणाची परवानगी लागते?

हे सगळे आम्ही गडहिंग्लजमधून का लिहितो? कारण या गावाने पीडितांचा प्रश्न सरकारच्या आधी ओळखला होता. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुली, त्यांच्या गळ्यातली दर्शनाची माळ, त्यांच्या पोरांच्या नावापुढचा रिकामा रकाना, या प्रश्नावर 1975 साली देवदासींची परिषद याच गावात भरली. प्रा. विठ्ठल बन्ने यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. धर्माच्या नावाखाली जे चालले आहे तो गुन्हा आहे, आणि ज्या बायकांकडे समाज बोट दाखवतो त्या त्या गुन्ह्याच्या बळी आहेत, हे इथल्या माणसांनी उघड मांडले. महाराष्ट्राचा देवदासी निर्मूलन कायदा व्हायला त्यानंतर 2005 साल उजाडावे लागले. शेजारच्या कर्नाटकाने तो 1982 सालीच केला होता. सीमेपलीकडच्यांना नावे ठेवताना एवढे लक्षात असू द्यावे.

त्या बायकांना आजच्या भरपाई योजनेत बसवून बघा. गुन्ह्याची तारीख? आई-बापाने जट बघून पोर देवीला वाहिली ती तारीख कुणी लिहून ठेवली होती? एफआयआर क्रमांक? वैद्यकीय अहवाल? गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांत अर्ज करा, म्हणते योजना. जिच्या आयुष्याची चाळीस वर्षे त्या गुन्ह्यात गेली तिला कुठल्या दिवसापासून तीन वर्षे मोजायची? रकान्यात न बसणारा माणूस सरकारला दिसत नाही. देवदासींच्या बाबतीत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसला नाही.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारे नियम केले आणि 1920 साली जोगतिणी-देवदासींसंबंधी कायदा केला. तेव्हा जगात पीडितांच्या भरपाईची सरकारी योजना कुठेच नव्हती. ती पहिल्यांदा न्यूझीलंडने 1963 साली केली, पाठोपाठ ब्रिटनने. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा तर 1985 चा. शाहूंचे नाव प्रत्येक भाषणात पहिल्या वाक्यात घेणाऱ्यांनी त्यांच्या कामाचे हे टोक कधी धरले? जयंतीला हार घालायला रांग लागते. नेसरीच्या बाईसोबत कसबा बावड्याला जायला कुणी नसते.

न्यायालयांनीही आपल्या घरात बघावे. महाराष्ट्रातल्याच अंकुश गायकवाड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली बजावले होते की भरपाईचा विचार करणे हे फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य आहे. पुन्हा 4 नोव्हेंबर 2024 रोजी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या दुसऱ्या एका खटल्यात, त्याच न्यायालयाला सत्र न्यायालयांना सांगावे लागले की विशेषतः बालके आणि स्त्रियांवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पीडित भरपाईचा आदेश द्या. एकच गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा सांगावी लागली, म्हणजे पहिल्यांदा ती कुणी ऐकली नव्हती. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आहे. त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ झुंज दिली, आणि त्या झुंजीला आमचा मुजरा आहे. "न्याय दारी आला" म्हणून पेढे वाटले गेले. आता त्याच वकील मंडळींनी पुढची लढाई हाती घ्यावी. अशिलांच्या गर्दीत फिर्यादीची रांग वेगळी लावावी, आणि बेंचसमोर पहिल्याच वर्षी या एफआयआरच्या प्रतींचा हिशेब मागावा.

आम्ही वृत्तपत्रवालेही सुटत नाही. घटना घडली की चार दिवस मथळे, पाचव्या दिवशी दुसरी घटना. पीडितांना मोफत वकिलासाठी 15100, संकटात 112, मुलांसाठी 1098, सायबर फसवणुकीत 1930, हे क्रमांक कुठल्या वृत्तपत्राने गुन्ह्याच्या बातमीखाली रोज छापले? आमच्याकडून आज सुरुवात होते आहे. प्रत्येक गुन्ह्याच्या बातमीखाली हे क्रमांक राहतील. जाहिरात आली तरी ती जागा विकली जाणार नाही.

पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत तीन विषय घ्यावेत. गडहिंग्लजच्या न्यायालयात आठवड्यातून किमान दोन दिवस पीडितांचे अर्ज घेणारे टेबल. प्रत्येक ठाण्यात एफआयआरच्या प्रतीसोबत हातात द्यायचा, मराठीत आणि सीमाभागासाठी कानडीतही छापलेला, भरपाईच्या हक्काचा एक कागद. आणि प्राधिकरणाला पाठवलेल्या प्रतींचा महिन्याचा आकडा ठाण्याच्या फलकावर. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, विधानसभेचे अधिवेशन लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. खर्च म्हणाल तर एका मंत्र्याच्या एका दौऱ्यापेक्षा कमी. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे विषय आले की नाहीत, ते आम्ही छापू. आणि आले नाहीत तर ते कोणी येऊ दिले नाहीत, त्याचे नावही छापू.