आलेखाचे वावडे कशाला?

आलेख म्हणजे कचेरीच्या भिंतीचा शृंगार, आणि आकड्यांनी इतिहासाचा रस आटतो, असे आमचे साहित्यप्रेमी बांधव म्हणतात. तंजावरात राहून हे ऐकणे आम्हांस सोसवत नाही. केंद्र सरकारची कारकुनी ही आमची उपजीविका आणि आलेख काढणे हा आमचा छंद. रकान्यात जे दडून राहते ते रेषेत उघडे पडते, हा दोन्हीकडचा अनुभव.

सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र कोरविले. त्याचा अभिमान आम्ही सारेच मिरवितो. पण याच राजांच्या पदरी नेत्ररोग्यांच्या टिपणांना डोळ्यांच्या चित्रांची जोड दिली जात असे, हे किती जणांस ठाऊक आहे?

सरस्वती महालातील मोडी रुमालांत छत्रांचे नि दरबाराचे हिशेब आहेत. कोणत्या वर्षी अन्नदानावर किती खर्चले आणि थाटामाटावर किती, हे आलेखावर मांडा. तो आलेख कदाचित आमच्या अभिमानाला अडचणीचा ठरेल. टाळाटाळ त्यासाठीच तर नव्हे ना? जयंतीची भाषणे एक वर्ष बंद ठेवा आणि त्या पैशांत दहा तरुणांना मोडी शिकवा. चौकटीचा कागद आम्ही पुरवू.