सप्तपदीचा पुरावा

माढा तालुक्यातील मोडनिंब हे सोलापूर-पुणे महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. एके काळी अशा गावची लेक सासरी निघाली की फार तर पंढरपूर, बार्शी वा पुणे गाठत असे. गेल्या दोन-तीन दशकांत चित्र पालटले. शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुले अभियंते होऊन अमेरिकेत गेली आणि त्यांच्यामागोमाग गावोगावच्या लेकींचे सासरही सातासमुद्रापार गेले. आता अक्षता पडल्यानंतर नववधूला आणखी एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंबरठा वांद्रे-कुर्ला संकुलातील परकीय वकिलातीचा असतो.

कुर्डुवाडीहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, आधी बोटांचे ठसे द्यायचे आणि नेमल्या दिवशी कागदांची फाईल छातीशी धरून रांगेत उभे राहायचे. मोबाईल आत नेता येत नाही, वडील वा भाऊ सोबत येऊ शकत नाहीत. काचेपलीकडचा अधिकारी विचारतो, ‘लग्न कोणी ठरवले? पतीला प्रथम कधी भेटलात? ते काय काम करतात?’ ज्या विवाहाला अग्नी साक्षी होता आणि चारशे-पाचशे वऱ्हाडी पंगतीला बसले होते, तो खरा आहे हे त्या मुलीला एकटीने, मोजक्या मिनिटांत पटवून द्यावे लागते. आई-वडिलांना याची चीड येते. संस्काराचा पुरावा मागणारे हे कोण, असा त्यांचा प्रश्न असतो.

ही चीड स्वाभाविक आहे. पण विवेकाची कसोटी तिच्यापुढे सुरू होते. आपल्या देशात कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला असतो. भारताने आपली दारे डोळ्यांत तेल घालून राखावीत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी इतरांच्या द्वारपालाला दोष देण्यात अर्थ नाही. प्रवेशासाठी खोटे विवाह लावले जातात, म्हणूनच अमेरिकेने १९८६ मध्ये विशेष कायदा केला. नागरिकाच्या वा कायम रहिवाशाच्या जोडीदाराला तेथे कायमचे वास्तव्य मिळताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ते वास्तव्य प्रथम दोन वर्षांपुरते सशर्तच असते. संशयाला असे कारण आहे.

मात्र पडताळणी वेगळी आणि अवमान वेगळा. हा भेद भारतीयांनी मोठी किंमत देऊन जगाला शिकवला आहे. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निर्णय दिला. हसन ईसप या भारतीयाची पत्नी बाई मरियम हिला तेथे उतरू दिले नव्हते. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्मविधीने लागलेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी अशा सर्वच भारतीय स्त्रिया एका फटक्यात कायद्याने पत्नी राहिल्या नाहीत. कस्तुरबा गांधी याच प्रश्नावर सत्याग्रहात उतरल्या आणि सप्टेंबर १९१३ मध्ये तीन महिन्यांच्या सक्तमजुरीला सामोऱ्या गेल्या. नामदार गोखल्यांनी त्या लढ्यासाठी भारतात निधी उभा केला. अखेर १९१४ च्या कायद्याने भारतीय विवाहांना तेथे मान्यता मिळाली. ती दयेने मिळाली नाही. स्त्रियांच्या कारावासाने मिळाली.

ब्रिटनचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य तपासणी’ करण्यात आली. त्याविरुद्ध ओरड झाल्यावर तो प्रकार थांबवावा लागला. पुढे विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे असा नियम आला. वडीलधाऱ्यांनी ठरवलेले विवाह त्यात हमखास अडकत. नसलेला हेतू नाही हे सिद्ध करायचे तरी कसे? तो नियम १९९७ मध्ये रद्द झाला. जेथे अवमान झाला तेथे समाज ठाम उभा राहिला, आणि नियम बदलले.

आजची मुलाखत त्या जातीची नाही. म्हणूनच आज आत्मपरीक्षणाची पाळी समाजाची आहे. तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेले व्हिसा सल्लागार मुलींना उत्तरे पाठ करून घेतात. ‘ठरवून केलेले लग्न म्हणू नका, प्रेमविवाह म्हणा’, ‘कॉलेजपासून ओळख होती असे सांगा’ असा उपदेश होतो. सुशिक्षित पालकही त्याला माना डोलावतात. हा उपदेश अधर्माचा आहेच, शिवाय घातकही आहे. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून वा खोटे सांगून व्हिसा मागितल्याचे ठरले, तर अमेरिकी कायद्यानुसार प्रवेशाचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीने एच-४ व्हिसा मागताना ‘मी भारतात परत येईन’ हे सिद्ध करण्याचीही गरज नसते. विवाह खरा आहे एवढेच दाखवायचे असते. मग खऱ्या विवाहाला खोट्या कथेचा टेकू कशासाठी? ‘आई-वडिलांनी स्थळ पाहिले, दोनदा भेटलो, दोघांनी होकार दिला’ या उत्तरात लाजण्यासारखे काय आहे? इंग्रजी अडखळत असेल तर मुंबईत हिंदी वा मराठीतून बोलण्याची सोय मागता येते. मातृभाषेतले खरे उत्तर हे पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा केव्हाही भक्कम असते.

दुसरा दोष ढिलाईचा. हिंदू विवाह अधिनियमानुसार, जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा स्वतंत्र कायदा १९९८ मध्ये झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये विवाह नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. ग्रामपंचायतीत ही नोंद होते. तरीही मंगल कार्यालयाचे बिल दुसऱ्या दिवशी चुकते करणारी कुटुंबे नोंदणीसाठी व्हिसाची तारीख येईपर्यंत थांबतात. त्यात नावांचा घोळ होतो. तांदळात नवे नाव लिहिले जाते, पत्रिकेत तेच छापले जाते, पासपोर्टवर मात्र माहेरचे नाव असते. पासपोर्टवरील नाव लग्नानंतर बदलणे बंधनकारक नाही. पण सर्व कागदांवर एकच नाव असावे, हे पाहायला नको काय?

याच्या अगदी उलट टोकही आहे. नवऱ्याची रजा तोकडी, म्हणून विधी होण्यापूर्वीच विवाहाची नोंद उरकून घेतली जाते, कारण व्हिसासाठी विवाहाचा पुरावा दाखवावा लागतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रथेवर बोट ठेवले. विधीवाचून केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगून व्हिसासाठी वेळ वाचवण्याच्या या पद्धतीबद्दल न्यायालयाने नापसंती नोंदवली. पुढे ते लग्न फिसकटले तर त्या मुलीची अवस्था काय होईल, याचा विचार आधी कोणी करतो काय? संस्कार आधी, कागद नंतर आणि विनाविलंब, हाच क्रम योग्य होय.

सर्वांत गंभीर प्रश्न मुलीच्या सुरक्षिततेचा आहे. एच-४ व्हिसावरील पत्नीला तेथे नोकरीची सरसकट मुभा नाही. मे २०१५ पासून ती मिळू लागली, तीही पतीचे ग्रीन कार्डचे प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यानंतरच. तोवर उच्चशिक्षित मुलगी पै-पैशासाठी पतीवर अवलंबून असते. पती सज्जन असेल तर संसार फुलतो. नसेल तर परक्या भूमीत तिचा वाली कोण? अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून आहे. अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, विधी आयोगानेही २०२४ मध्ये अशा नोंदणीच्या सक्तीची शिफारस केली. कायदा मात्र झालेला नाही. लोकप्रतिनिधींना याचा जाब विचारला पाहिजे.

काचेपलीकडचा परका अधिकारी जे प्रश्न विचारतो, ते वधूपित्याने कितीतरी आधी विचारायला हवे होते. मुलगा नेमका कोठे काम करतो? राहतो कोठे? त्याचा पूर्वी विवाह झाला होता काय? परदेशातील पगाराचा आकडा ऐकून ही चौकशी सोडून दिली जाते. जमीन घेताना सात-बारा तपासणारा बाप लेक देताना मात्र आकड्यावर विश्वास ठेवतो! ज्या गावांत कार्यकर्त्यांचा घरोघर संपर्क आहे, तेथे अशा स्थळांची चौकशी आणि विवाहाची वेळीच नोंदणी हे सहज करता येण्यासारखे काम आहे. परदेशातील मराठी कुटुंबांनीही नव्याने येणाऱ्या लेकीला माहेर द्यावे.

व्हिसा मिळेल किंवा नाकारला जाईल. तो परकीय राज्याचा अधिकार आहे. त्यावरून मुलीची वा कुटुंबाची प्रतिष्ठा ठरत नाही. ती ठरते काचेसमोर उभे राहून तिने दिलेल्या खऱ्या उत्तराने, आणि तसे खरे उत्तर तिला देता यावे असा विवाह तिच्या माणसांनी ठरवला होता की नाही, यावरून.