पळस्प्याच्या पुढे

शनिवारी सकाळी पळस्पे फाट्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की पनवेलकरांची सुट्टी कुठे जाते ते कळतं. पुण्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्यांची रांग हलत नाही. तासाभराच्या लोणावळ्याला तीन तास लागतात, तिथं पोहोचल्यावर गाडी लावायला जागा नसते, आणि संध्याकाळी तेच सगळं उलट्या दिशेनं. आमच्या घरातही वर्षानुवर्षं हेच चाललं. पाऊस पडला की लोणावळा, थंडीत अलिबाग, हातात चार पैसे असले तर दुबई.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभं असलेलं ते कुटुंब आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. त्यात लहान मुलं होती. त्या रात्री माझ्या बायकोनं एवढंच विचारलं, “आपण मागच्या वर्षी कुठे उभे होतो?” मी उत्तर दिलं नाही. आम्हीही तसल्याच एका प्रवाहात उभे होतो.

पुढच्या सुट्टीला शांत जागा शोधायची असं ठरलं. समुद्राकाठच्या एका गावात मी खोलीसाठी फोन केला. खोली होती, भाडं ठरलं, पैसे पाठवायचे म्हणून त्यांनी नाव विचारलं. नाव सांगितलं आणि खोली भरली. असे फोन आपल्यापैकी अनेकांनी केलेत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. पण एक कबूल करतो. आपण गर्दीच्या ठिकाणी जातो त्याचं एक कारण हेही आहे. मोठ्या हॉटेलात कुणी काही विचारत नाही, गर्दीत नाव लपतं. आडगावात जायचं म्हणजे दारात उभं राहून आपण कोण ते सांगावं लागतं.

शेवटी अम्मी म्हणाली, “म्हाप्रळला का नाही जात?” म्हाप्रळ तिचं माहेर. मी तिथे शेवटचा गेलो होतो तो नानीच्या मयतीला.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागायचं. हा रस्ता रुंद करायचं काम २०११ पासून चालू आहे, तेव्हा पाठीची काळजी ज्यानं त्यानं घ्यावी. पेण, कोलाड, माणगाव, लोणेरे आणि मग टोळ फाट्याला महामार्ग सोडायचा. तिथून रस्ता सावित्रीच्या खाडीवर उतरतो. अलीकडे रायगडातलं आंबेत, पलीकडे रत्नागिरीतलं म्हाप्रळ, मध्ये पूल. आंबेत हे बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव. ज्यांनी १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, ते मुख्यमंत्री या खाडीकाठचे.

या भागाला ‘कमी माहितीचा’ म्हणताना मला थोडी लाजच वाटते. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे, तो इंग्रजांनी घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. किल्ल्यापासून थोड्या अंतरावरचं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पलीकडच्या तीरावर श्रीवर्धन, पेशव्यांचं मूळ गाव. मंडणगड तालुक्यातलंच आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. खाडीनं वर गेलं की दासगाव आणि महाड. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीनं आले, ते याच वाटेनं दासगावला उतरले. परिषदेच्या मंडपाला जागा मिळू नये म्हणून गावात खटपट झाली, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं आपली जागा दिली. शाळेत मला हे कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलीला मी पुलावर गाडी थांबवून सांगितलं. ती म्हणाली, “मग इथं पाटी का नाही?”

म्हाप्रळमध्ये पहिल्या दिवशी आम्ही गावातून फिरलो आणि मुलीनं बंद घरं मोजायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तिनं मोजणं सोडलं. दुमजली घरं, रंगीत काचा, ग्रिलची दारं आणि दाराला कुलूप. कुवेत, दुबई, केपटाऊन, लंडन, मुंब्रा. ईदेला आणि लग्नाला दारं उघडतात, पुन्हा बंद होतात. खालाच्या घरी मात्र चूल पेटलेली होती. तांदळाची भाकरी, कोळंबीचं सालन, सुक्या जवळ्याची चटणी. येणारा जाणारा प्रत्येक जण ओट्याशी थांबून विचारायचा, “कोणापैकी?” नानांचं नाव सांगितलं की बसायचा. ज्या प्रश्नाला मी फोनवर घाबरलो होतो, तोच हा प्रश्न. फरक एवढाच की इथे विचारल्यावर पाणी पुढे येत होतं.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी जपान करून आला. त्यानं क्योतोचे फोटो दाखवले, त्यात देवळांपेक्षा डोकी जास्त होती. तिथं २०२४ मध्ये गिओन भागातल्या खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद कराव्या लागल्या. त्याच वर्षी फुजी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावानं फोटोवाल्यांच्या त्रासाला कंटाळून डोंगरासमोर पडदाच लावला. आणि त्याच देशात २०२३ च्या मोजणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली. शिकोकू बेटावर इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे. माणसं निघून गेली, तेव्हा तिथल्या एका बाईनं त्यांच्या जागी कापडाच्या बाहुल्या करून ठेवल्या, बसस्टॉपवर, शेतात, शाळेच्या वर्गातसुद्धा. आता त्या बाहुल्या बघायला लोक जातात. एकीकडे चेंगराचेंगरी, दुसरीकडे ओस गावं. आपलं लोणावळा आणि म्हाप्रळ काय वेगळं आहे?

म्हणून मी म्हणतो, पनवेलकरांनी गाडी खाडीकडे वळवावी. पण नुसती वळवून चालणार नाही. लोणावळ्याची गर्दी उचलून बाणकोटला ओतली तर बाणकोटचं लोणावळा होईल, आणि बाणकोटात मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं ते तिथल्या बायकांना विचारा. गर्दी येणार हे मात्र नक्की. आज बागमांडला ते वेश्वी गाड्या फेरीबोटीनं जातात, म्हणून माणूस मोजून येतो. रेवस–रेड्डी सागरी महामार्गात या खाडीवर पूल नियोजित आहे. तो झाला की बोटीची गाळणी संपली. तेव्हा कोणाला, किती आणि कोणत्या अटीवर येऊ द्यायचं हे गावानं त्याच्या आधी ठरवायला हवं.

ठरवता येतं, हे वेळासनं दाखवलंय. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी कोल्हीकुत्री आणि माणसं दोघंही नेत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरेंच्या पुढाकारानं, अंडी गोळा करून कुंपणात सुरक्षित ठेवायचं काम सुरू केलं. पुढे त्याचा कासव महोत्सव झाला. गावात मोठं हॉटेल आलं नाही, लोक गावकऱ्यांच्या घरी राहतात, तिथंच जेवतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंना मी फोनवर आधी नाव सांगितलं आणि मग खोली विचारली. त्या म्हणाल्या, “किती माणसं? मासे खाता ना?” सकाळी दोरीच्या मागे उभं राहून पिल्लं पाण्याकडे सरकताना पाहिली. एकानं दोरी ओलांडून फोटो काढायचा प्रयत्न केला, त्याला गावातल्याच पोरानं मागे घेतलं. पोलीस नव्हता, पाटीही नव्हती.

हे म्हाप्रळला, बाणकोटला का होऊ नये? आपल्या लोकांशी बोललं की पहिला आक्षेप येतो, घरात बायकामाणसं, परकी माणसं कशी ठेवायची? आक्षेप खरा आहे, पण त्याला उत्तर आहे. पुढची पडवी आणि एक खोली वेगळी काढता येते, फक्त कुटुंबांना द्यायची, दारू चालणार नाही हे आधीच सांगायचं. वेळासच्या घरांतही बायकामाणसं आहेत, आणि स्वयंपाकाचे पैसे त्यांच्याच हातात पडतात. आपल्याकडे सालन आणि भाकरी करणारे हात आहेत, ते शंभर माणसांची दावत फुकटात उरकतात. दुसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही. आपल्याकडे हिंदू पाहुणा येईल का? मला वाटतं येईल. सगळे येणार नाहीत, आणि सगळे यायला नकोतच. ज्याला येऊन बसायचंय तो येईल. जमीन विकून मोकळं होणाऱ्यांना तर मी एवढंच विचारतो, की त्या जमिनीवर उद्या रिसॉर्ट झालं तर तिथं फोन केल्यावर तुमच्या नातवाला खोली मिळेल का?

हे मी खालाला सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मामूचं घर तिच्या ताब्यात आहे, ते पाच वर्षं बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याच्या मागच्या बाजूची कौलं उडाली होती, वर ताडपत्री टाकलेली तशीच आहे. निघताना तिनं पदराची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “मेहमान नंतर आण. आधी छप्पर बघ.”

कारागीर महाडचा मिळालाय. पावसाआधी कौलं बसवायची आहेत.