शिरस्त्राण कोणाचे?

जुन्या युद्धसामग्रीचा संग्रह करण्याचा शौक आपल्या सुशिक्षित मंडळींत वाढत चालला आहे. इतिहासप्रेमी माणसास याचा आनंद व्हावयास हवा. मला तो होत नाही. का होत नाही, ते स्पष्टच सांगतो.

मध्यंतरी वसईस एका स्नेह्यांकडे जाणे झाले. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात त्यांनी एक लोखंडी टोप मोठ्या ऐटीने मांडला होता. शेजारी लाल क्रॉसचा दंडपट्टा. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजावर असलेल्या रुग्णसेवकाचे हे साहित्य, असे ते म्हणाले. टोप नुसता लखलखत होता. "आत काही लिहिलेले होते काय?" मी विचारले. "होते ना! अस्तरावर शाईची अक्षरे होती, पण लागेनात; म्हणून अस्तरच बदलले. क्रॉसही पुसट झाला होता, तो नव्याने रंगवून घेतला."

ज्या चार अक्षरांपायी त्या लोखंडास काही मोल होते, ती पदरचे पैसे खर्चून नाहीशी करण्यात आली! असले टोप त्या युद्धात लाखांनी निघाले. एकास दुसऱ्यापासून वेगळे करणारे असते ते कारखान्याची खूण, साल, नाव, क्रमांक, एवढेच. दंडपट्ट्याचेही तेच. 1929 च्या जिनिव्हा करारान्वये सैन्यातील वैद्यकीय सेवकाचा पट्टा सैनिकी अधिकाऱ्याच्या शिक्क्यानिशी द्यावयाचा असे. स्नेह्यांच्या पट्ट्यावर शिक्का नव्हता, आणि तो शोधावा हेही त्यांना सुचले नव्हते.

आणि हा रुग्णसेवक होता तरी कोण? लहान जहाजावर बहुधा डॉक्टर नसे. जखमी माणसाचा सारा भार याच्यावर. अरुंद जिन्यांतून वर घेण्यासाठी घायाळास कॅनव्हास व बांबूच्या पट्ट्यांच्या डोलीत आवळून बांधावयाचे, आणि मॉर्फिया टोचले की पुढच्याने पुन्हा टोचू नये म्हणून त्याच्या कपाळावर तशी खूण करावयाची. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात 'बंगाल' हे चिमुकले जहाज दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंजले, हे इतिहासात नमूद आहे. अशा जहाजावर डोली बांधणाऱ्याचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल?

"ती इंग्रजांची चाकरी, तिचे कौतुक कशाला?" असा आक्षेप येतो. आक्षेपकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, 1946 च्या फेब्रुवारीत मुंबईस बंड करून उठले ते याच नौदलातले खलाशी. 1939 साली दोन हजारांच्याही आत असलेले हे दल 1945 पर्यंत वीस हजारांच्या पुढे गेले. युद्धापूर्वी त्यात रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. ही आपलीच माणसे. त्यांस गौरवावे की दूषण द्यावे हा वाद खुशाल घालू. पण आधी ती कोण होती हे तरी कळावे!

याच वसईवर 1739 साली मराठ्यांनी विजय मिळविला आणि इथल्या पोर्तुगीज घंटा देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर 1721 हे साल आजही वाचता येते. शत्रूची, परधर्मीयांची वस्तू. तीही देवापुढे टांगावयाची. तरी त्या काळच्या लोकांनी कानस घेऊन अक्षरे घासली नाहीत. पदवीधर नसताना त्यांना जे कळले, ते आमच्या पदवीधर संग्राहकांस कळू नये?

मी स्नेह्यांस विचारले, टोप आणला कोठून? विरारकडच्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून, भंगारवाल्याच्या मध्यस्थीने. टोपाबरोबर एक पत्र्याची पेटी व कागदांचा गठ्ठा होता, असे त्यांना आठवले. मी त्यांना घेऊन त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेलो. घर पाडून तेथे आता सात मजली इमारत उभी राहत आहे. पेटी त्याने मोडीत घातली होती, आणि कागद रद्दीत गेले होते.